पाठमोरी खुर्ची

दाजी परब मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्यांच्यावर एवढं लिहितोय हे पाहून कुणाचा गैरसमज व्हायला नको. एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही वरखाली राहायचो. दर रविवारी मैदानावर मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचो, त्यांच्या बोलण्यावर पोट धरून हसायचो, आणि घरी येताना जिन्यात मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. आमच्या कंपूत ते कुणालाच आवडत नसत. पण एखाद्या रविवारी ते आले नाहीत तर मॅच अगदी अळणी लागायची.

मैदान मुलुंड पूर्वेचं, म्युनिसिपालटीचं. हायवेच्या अलीकडे मैदान, पलीकडे मिठागरं. आमचा क्लब नवतारा. फुटबॉल म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना परदेशातले क्लब आठवतात. त्यांच्या जर्सी घालून ती झोपतात, आणि तिकडचा कोच बदलला की इकडे जेवत नाहीत. आम्ही दहाबारा जण मात्र नवताराचे. लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये कधी वर तर कधी खाली असा लोंबकळणारा क्लब, पण आमच्या चर्चा ऐकून कुणालाही वाटलं असतं की आम्ही देशाची टीम निवडतोय. मैदानाला लागून मंडपवाल्याचं गोडाऊन होतं. त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आम्ही बाहेर काढायचो आणि लाइनीला चिकटून मांडायचो. मधली खुर्ची दाजींची.

दाजी मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, दाजी मुलुंडच्याच एका औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत जायची आणि दाजींनी खराब पाकीट उचलून मागच्या टोपलीत टाकायचं, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. ते सांगायचे की चांगल्या पाकिटाकडे बघायचं नसतं. ते आपोआप पुढे जातं. नजर फक्त खराबावर ठेवायची. कंपनीसाठी हे ठीकच होतं. दाजी तीच नजर घेऊन रविवारी मैदानावर यायचे.

नवताराच्या प्रत्येक नव्या पोराला दाजी पहिल्याच मॅचमध्ये नाव ठेवायचे, आणि ते त्याला जन्मभर चिकटायचं. एक धिप्पाड सेंटर बॅक होता, त्याला ते फ्रिज म्हणायचे. का, विचारलं तर म्हणाले, "कोपऱ्यात उभा असतो, थंड असतो, आणि कुणी दार उघडल्याशिवाय आतला दिवा लागत नाही." आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून पडायच्या बेतात आलो. पोरगं थ्रो-इन घ्यायला आमच्यासमोरच आलं होतं. त्याने सगळं ऐकलं, बॉल डोक्यावर धरला आणि थेट समोरच्या टीमच्या पायात टाकला. दाजी म्हणाले, बघा, दार उघडलं तरी अंधारच.

मॅच संपली की हायवेजवळच्या टपरीवर चहा आणि चिरफाड. बाहेरची पोरं आणायची की घरची वाढवायची, हा आमचा कायमचा वाद. कांजूरला बँकेत असलेला गायकवाड हा घरच्या पोरांचा वकील. त्याचं म्हणणं असं, की आपल्या वस्तीतली पोरं हेरावीत, दोन वर्षं सांभाळावीत, मग त्यांच्याकडून मागावं. दाजींना ते भाबडं वाटायचं. ते म्हणायचे, मढची पोरं आणा. लहानपणापासून वाळूत खेळतात, म्हणून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या असतात. ट्रॉम्बेची आणा, ती मार खाऊन रडत नाहीत. कुर्ल्याची आणू नका, ती आपल्याकडे शिकून कुर्ल्याकडूनच खेळतात. मढचं बरंच काही क्लबात होतंच, कारण आमचे कोच पास्कल सर तिथले. मऊ आवाजाचा, कुणाला न दुखावणारा माणूस. दाजी त्यांना तोंडावर सांगायचे, "सर, तुम्ही बालवाडी काढा. तुमचा स्वभाव तिथे वाया जाणार नाही."

जूनमध्ये नव्या पोरांची ट्रायल व्हायची, तेव्हा दाजींची एक खास पद्धत होती. पोरगं पसंत पडतंय असं वाटलं की ते त्याच्या बापाला बोलावून घ्यायचे. बापाची उंची बघायची, त्याला दहा पावलं चालायला लावायचं. पोरगं आज काय आहे ते पास्कल सर बघतील, उद्या काय होणार ते बापाच्या गुडघ्यात लिहिलेलं असतं, असं त्यांचं शास्त्र. एका वर्षी भांडुपचा एक रिक्षावाला मुलाला घेऊन आला होता. मुलगा हरणासारखा पळत होता. बाप जरा लंगडत होता, बहुधा अपघात झाला असावा. दाजींनी त्याला चालवून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोराच्या बुटांवर खर्च करू नका. शेवटी तुमच्यासारखाच चालणार आहे." तो माणूस मुलाचा हात धरून निघून गेला. त्या मुलाला पुढच्या वर्षी घाटकोपरच्या एका क्लबाने उचललं आणि त्याने आमच्यावरच दोन गोल मारले. दाजी म्हणाले की अजून वय आहे, गुडघे दुखायला वेळ लागतो.

पण दाजींचं नाव झालं ते खुर्चीमुळे. एकदा एक मिडफिल्डर लागोपाठ चुकीचे पास देत होता. दाजी वैतागून उठले, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. समोर मंडपवाल्याचं गोडाऊन आणि बांबूंचा ढीग. म्हणाले, त्याच्यापेक्षा हे बांबू बरे, निदान आपल्या जागेवर आहेत. ते पोरगं बाहेर निघाल्यावरच त्यांनी खुर्ची सरळ केली. पुढच्या रविवारी दुसऱ्या एकासाठी फिरवली, आणि तेव्हा आमच्यातल्या दोघातिघांनीही आपापल्या फिरवल्या. मग ती रीतच पडली. दाजींची फिरली की सगळी रांग फिरायची. प्लॅस्टिकचे पाय मातीत घासल्याचा आवाज पलीकडच्या गोलकीपरलाही ऐकू जायचा. पास्कल सर बघून न बघितल्यासारखं करायचे, पण थोड्या वेळाने त्या पोराला बाहेर बोलवायचेच. ज्याच्यावर खुर्च्या फिरल्या त्याचे पाय पुढे चालतच नसत, मग ठेवून काय करणार? काही पोरांच्या आया मॅचला यायच्या बंद झाल्या. एक पोरगं तर बाहेर येऊन तडक आमच्या समोर, बांबूंच्या ढिगापाशी जाऊन उभं राहिलं आणि आमच्याकडे बघत रडलं. गायकवाडने मान खाली घातली. दाजी त्या पोराला म्हणाले, "झिला, कॅरम खेळ. बसून खेळता येतं." झील म्हणजे मालवणीत मुलगा. बाकीच्या वेळी ते कुणालाही इतक्या प्रेमाच्या शब्दाने हाक मारत नसत.

आता त्यांच्या स्वतःच्या झिलाबद्दल सांगायला हवं. नितीन, आमचा नित्या. राइट बॅक, म्हणजे उजवी कड राखणारा. बारीक अंगाचा, फार चमकणारा नाही, पण पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत राबणारा. घरी फुटबॉलशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून बोलायला लागायच्या आधी तो बॉल मारायला लागला असं त्याच्या आई, सुलभावहिनी, सांगायच्या. नित्याला काय हवं होतं ते आमच्या बिल्डिंगमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. बापाने एकदा, फक्त एकदा, चांगलं खेळलास म्हणावं. मॅच संपली की तो बूट हातात घेऊन आमच्या मागे टपरीवर यायचा, जरा लांब उभा राहायचा आणि आपलं नाव कधी निघतंय याची वाट बघायचा. दाजी बाकी सगळ्यांची सालं काढायचे आणि उठायचे. नित्याचं नाव घेतच नसत. एकदा गायकवाडनेच विषय काढला, की दाजी, नित्या आज बरा खेळला. दाजी म्हणाले, बरा तर आजारी माणूस होतो. नित्या हसला. आम्ही हसलो म्हणून त्यालाही हसावं लागलं.

ज्या मॅचबद्दल सांगायचंय ती सीझनची शेवटची होती, कुर्ल्याच्या टीमबरोबर. हरलो नाही तर वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो. पास्कल सरांनी नित्याला उतरवायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीच्या कामासाठी परबांकडे गेलो होतो. नित्या आत बूट पुसत होता आणि वहिनी दाजींना जेवायला वाढत होत्या. मला बघूनही त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या एकदा टाळी वाजवा त्याच्यासाठी. खोटी वाजवा हवं तर. तुमचे हात झिजणार नाहीत." आतला बुटांचा आवाज बंद झाला.

दाजींनी भातात सोलकढी ओतून घेतली. म्हणाले, "खोटी टाळी मी परक्याच्या पोरालाही वाजवत नाही. आपल्या पोराला वाजवली तर बाकीच्यांवर अन्याय होईल."

हे त्यांना मनापासून वाटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. आपण कठोर आहोत असं त्यांना वाटायचंच नाही, आपण निःपक्षपाती आहोत असं वाटायचं.

मॅचला गर्दी होती. नित्या सुरुवातीला व्यवस्थित खेळला. मग कुर्ल्याचा कडेने धावणारा एक चपळ विंगर त्याच्या बाजूने आला, नित्याचा पाय घसरला, आणि विंगरने आत बॉल टाकून गोल करून घेतला. चूक एकट्या नित्याची नव्हती. फ्रिज नेहमीप्रमाणे कोपऱ्यात उभा होता. पण आमच्या रांगेत कुणी फ्रिजकडे बघितलं नाही. सगळे दाजींकडे बघत होते. गायकवाडने दाजींच्या खुर्चीची पाठ हाताने दाबून धरली आणि हळूच म्हणाला, "दाजी, राहू दे ना. आपला पोरगा आहे तो."

दाजी उठले. गायकवाडचा हात बाजूला केला, खुर्ची उचलली आणि फिरवली. बसले. नेहमीसारखे, हात मांडीवर ठेवून. मी वाट बघत होतो की आता बाकीच्या फिरतील. एकही फिरली नाही. पहिल्यांदाच त्या सगळ्या रांगेत एकट्या दाजींची खुर्ची पाठमोरी राहिली. नित्याने ते बघितलं. मैदानाच्या मधोमध, किक-ऑफसाठी सगळे जमत असताना, तो आमच्याकडे बघत उभा राहिला. तो आता पळत घरी जाईल असं मला वाटलं.

पास्कल सरांनी त्या दिवशी त्याला बाहेर बोलावलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेला राग त्या मऊ माणसाने असा काढला असावा. आणि नित्या खेळला. तसा तो आधी कधी खेळला नव्हता आणि नंतर खेळायचा प्रश्नच आला नाही. तो विंगर पुन्हा त्याला चुकवू शकला नाही. आपण बरोबरीचा गोल केला तो नित्यानेच कडेने आत मारलेल्या क्रॉसवरून. आणि अगदी शेवटी, आपला कीपर पुढे येऊन फसलेला, गोल रिकामा, बॉल आत चाललेला, तेव्हा हा पोरगा कुठून पळत आला देव जाणे, आडवा पडून त्याने तो लाइनीवरून बाहेर काढला. आम्ही खुर्च्या उलथून ओरडत होतो. गायकवाड रडत होता. कुणीतरी दाजींच्या खांद्याला धरून हलवलं, की अहो बघा तरी. दाजी बांबूंकडे बघत राहिले. नियम म्हणजे नियम. ज्याच्यावर खुर्ची फिरली तो मैदानात असेपर्यंत ती सरळ होत नसे.

क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. पोरांनी नित्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरला आणि चिखलाने माखलेला तसाच बापासमोर आला.

"बाबा, शेवटचं बघितलंत?"

"नाही," दाजी म्हणाले.

"एकदा पण वळला नाहीत?"

"वळलो असतो तर त्या बाकीच्या पोरांना काय तोंड दाखवलं असतं?"

त्या दिवशी नित्या टपरीवर आला नाही. दाजी आले, आणि चहा पिता पिता त्यांनी त्या गोलची सविस्तर मीमांसा केली. राइट बॅकने वजन कुठल्या पायावर ठेवायला हवं होतं, इथपर्यंत. पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मॅच तिथेच संपली होती.

नित्या नवताराकडून पुन्हा खेळला नाही. थोड्याच दिवसांत कोल्हापूरला गेला. तिथे फुटबॉलचं वेड आहे. एका शाळेत खेळाचा मास्तर झाला, कोचिंगच्या परीक्षा दिल्या, तिकडेच राहिला. सणाला यायचा, आईशी बोलायचा, जायचा. इकडे मात्र दाजींची खुर्ची अजरामर झाली. नवीन माणूस कंपूत आला की कुणीतरी त्याला सांगायचं, हा माणूस काय समजतोस, याने स्वतःच्या पोराला सोडलं नाही. दाजी मान किंचित हलवायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे. त्यांना त्याचा अभिमान होता. एरवी कसलाच नव्हता, त्याचा होता.

मग वहिनी गेल्या. दाजी रिटायर झाले, आणि दुसऱ्यांच्या बापांना चालवून बघता बघता त्यांचेच गुडघे गेले. पास्कल सर मढला परतले. मैदानाचंही रूप पालटलं. एका बिल्डरने क्लब हातात घेतला, हिरवं कृत्रिम गवत घातलं, चारी बाजूंनी उंच जाळी मारली, गेटवर वॉचमन बसवला. मंडपवाल्याचं गोडाऊन गेलं आणि खुर्च्याही गेल्या. आम्ही जाळीबाहेर फुटपाथवर उभं राहून बघायचो आणि वाद व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर घालायचो. दाजी टाइप करत नसत, बोललेलं रेकॉर्ड करून पाठवायचे. कुणीतरी ते त्या त्या पोरांना पुढे पाठवतंय हे कळल्यावर ते अधिक स्पष्ट उच्चार करायला लागले.

आणि एक दिवस बातमी आली की क्लबने ज्युनियर टीमसाठी नवा हेड कोच आणलाय. नितीन परब, कोल्हापूरहून. दाजींना ही गोष्ट मुलाकडून नाही, ग्रुपवरून कळली. पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटतील त्याला सांगायचे की आता सेटअप आपला आहे, आता भरती नीट होईल. गुडघ्यांना पट्टे बांधून ते म्युनिसिपालटीच्या शाळांच्या मॅचेस बघत हिंडायला लागले. त्यांनी दोन पोरं हेरली. दोघांच्या बापांनाही भेटून आले.

ट्रायलच्या सकाळी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून निघाले. रिक्षा मीच केली. गेटवर पोरांची आणि पालकांची ही गर्दी, आमचा कंपूही हजर. वॉचमनने अडवलं तेव्हा दाजींनी त्याला ऐटीत सांगितलं की कोचना बोलव. नित्या आला. गळ्यात शिट्टी, केस थोडे पांढरे. त्याने दाजींना वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "बाबा, ट्रायलला बाहेरच्या कुणाला आत घेत नाही. तुम्ही जाळीबाहेरून बघा."

"मी बाहेरचा?"

"तुम्ही आत बसलात तर पोरं बॉलकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तो वळला आणि आत गेला. वॉचमनने गेट लावलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी मजा आली होती, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही.

मी म्हटलं, दाजी, घरी जाऊ. ते नाही म्हणाले. दोन्ही हातांनी जाळी धरून उन्हात उभे राहिले, संपूर्ण ट्रायल संपेपर्यंत. बसायला काहीच नव्हतं. त्यांनी हेरलेल्या दोन पोरांपैकी नित्याने एकालाही घेतलं नाही. ज्यांना घेतलं नाही त्या प्रत्येकाजवळ मात्र तो गेला, गुडघ्यावर बसला, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. पोरं रडत नव्हती. मान डोलावत होती. दाजी सगळं टक लावून बघत होते. आता ते काय बोलतील याची मी मनात तयारी करत होतो. त्यांची शिवी ऐकायला गायकवाडही जवळ सरकला होता.

"बरोबर केल्यान," दाजी म्हणाले. "मला आत घेतला नाही ते पण बरोबर." आणि मग, माझ्याकडे न बघता, "झील चांगलो झालो." मुलगा चांगला निघाला, असं.

मी म्हटलं, मग त्याला सांगा ना, तो काय तिथेच उभा आहे. दाजींनी त्याच्याकडे बघितलं. नित्या पोरांकडून बॉल गोळा करून घेत होता. दाजींचे ओठ हलले, पण हाक काही आली नाही. त्यांना ते येतच नसावं. कधी केलंच नव्हतं. ते जाळीला धरून धरून वळले आणि रिक्षाकडे निघाले.

त्यानंतर दोनेक महिन्यांत झोपेतच गेले. मुलुंडच्या स्मशानात आमचा सगळा कंपू होता. सगळं उरकल्यावर नित्या बाहेरच्या बाकावर एकटा बसला होता, तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. ट्रायलच्या दिवशी दाजी जाळीपाशी काय म्हणाले ते त्याला सांगितलं, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत.

नित्याने ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला, पोरांना समजावताना ठेवायचा तसा.

"काका, मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना," तो म्हणाला. "बाबा असं कुणाबद्दल बोलायचे नाहीत."

मी शपथ घेतली. गायकवाडला साक्षीला बोलावतो म्हटलं. पण तेवढ्यात भेटायला माणसं आली, आणि तो हात जोडून उभा राहिला.